‘काका’ कनेक्टेड

बावीस वर्षं मी गाड्यांमध्ये आवाज बसवतो. स्पीकर, स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, मागे-पुढे बघायचे कॅमेरे, जे येईल ते. टेप जाऊन जमाना झाला, तरी गिऱ्हाईक अजून ‘टेप बसवून द्या’ असंच म्हणतं. माझं दुकान म्हणजे एक शटर, आत दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा आणि मागच्या भिंतीला लागून एक लाकडी टेबल. टेबलावर वायरींची रिळं, चिकटपट्ट्या, पेचकस आणि एक जुनी बॅटरी. गाडीत बसवण्याआधी प्रत्येक सेट त्या बॅटरीवर लावून बघायची मला सवय आहे.

एकदा एक गृहस्थ पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आले. म्हणाले, गाडी पळवली की स्पीकरमधून बाई रडते. मी गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दाबला, बाई रडली. सोडला, गप्प झाली. अर्थिंगची वायर सैल होती, एवढंच. मी एक स्क्रू आवळला आणि बाईचं दुःख कायमचं संपलं. अशी वीस-पंचवीस भुतं तरी मी स्क्रूनं उतरवली असतील. प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, यावर माझा धंदा चालतो. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना मी कसल्या डोक्याचा माणूस आहे ते ठाऊक असावं.

अक्का माझी थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. मी शाळेत जायला लागायच्या आधीच आई गेली, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून लग्नासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. आज माझं वय सेहेचाळीस आहे आणि डोक्यावर मोजके केस उरलेत, तरी ती मला बाळ्याच म्हणते. तिचं एकाच गाडीचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी छोटी, पांढरी, टपावर ‘एल’ची पाटी. शिकाऊ माणूस उजवीकडे, अक्का डावीकडे, आणि तिच्याही पायांशी एक क्लच आणि एक ब्रेक.

“बाळ्या, माझ्या गाडीला तो तुझा टेप बसव,” एक दिवस ती म्हणाली. “शिकायला येणाऱ्यांचे पाय लटलट कापतात. काहीतरी हळू वाजत असलं की माणूस निदान श्वास घ्यायला विसरत नाही.”

रविवारी सकाळी मी तिची गाडी शटरखाली घेतली. नवा कोरा सेट, खोक्याचं सील मीच फोडलं. डॅशबोर्डची पट्टी काढली, वायरी जोडल्या, दारांतले स्पीकर तपासले. मग अक्काचा फोन घेतला आणि ब्लूटूथ लावायला बसलो. सेटच्या पडद्यावर जोडलेल्या फोनांची यादी उघडली.

यादीत आधीच एक नाव होतं. ‘काका’.

हे तसं व्हायला नको. फोन त्या यादीत आपोआप येत नाही. दोन्हीकडून होकार द्यावा लागतो. नवीन सेटची यादी रिकामीच असते. मी म्हटलं, कुणीतरी सेट उघडून वापरून बघितला असेल आणि पुन्हा सील मारलं असेल. असले उद्योग होतात. नाव पुसून टाकलं आणि अक्काचा फोन जोडला. बासरी वाजायला लागली. अक्का सीटवर टेकून बसली, दोन बोटांनी डॅशबोर्डवर ताल धरला आणि म्हणाली, “आता मलाच झोप येईल.”

बुधवारी दुपारी तिचा फोन आला.

“तुझा टेप बोलतोय.”

“बोलू दे की. रेडिओ लागला असेल.”

“तू ये,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवशिक्यांना ती गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर फिरवते. मी गेलो तर गाडी मैदानाच्या मधोमध उभी, आणि अक्का तिच्यापासून वीस पावलांवर, रणरणत्या उन्हात. विद्यार्थिनीला तिनं रिक्षानं घरी पाठवलं होतं. मी गाडीत बसलो आणि चावी फिरवली.

पडद्यावर ‘काका’. खाली ‘कनेक्टेड’. बाजूला फोनच्या बॅटरीची खूण, अर्धी भरलेली.

स्पीकरमधून गाडी ऐकू येत होती. म्हणजे चालत्या गाडीच्या आत बसल्यावर जसं ऐकू येतं तसं. इंजिनाची घरघर, खड्ड्यावर खुळखुळणारी टपावरची पाटी, आणि इंडिकेटर. त्या इंडिकेटरची टिकटिक मी ओळखली. दर पाचव्या ठोक्याला किंचित उशीर. अक्काच्या गाडीचा फ्लॅशर वर्षभर असाच लंगडतोय, बदल बदल म्हणून मी तिचं डोकं खाल्लंय. आवाज याच गाडीचा होता.

मग अक्का बोलली. स्पीकरमधून.

“क्लच पूर्ण दाबा, काका. घाई नाही. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय? हं. आता सोडा, हळू. पायाखाली अंडं आहे असं समजा.”

एका म्हाताऱ्या माणसाचं खोकत खोकत हसणं. मग त्याचा आवाज, “गाणं छान आहे हो, मॅडम.”

“माझ्या भावानं बसवलाय टेप. याच महिन्यात.”

मी चावी काढली. अक्का खिडकीशी येऊन उभी होती.

“अंड्याचं मी सगळ्यांनाच सांगते,” ती म्हणाली. “पण हे मी बोललेले नाही. सध्या माझ्याकडे तीन मुली आहेत आणि एक बँकेतला माणूस. काका कुणी नाही. आणि टेप बसवून तीन दिवस झालेत.”

आजूबाजूला दोनशे पावलांत चिटपाखरू नव्हतं. अक्काचा फोन बंद होता. मी माझाही बंद केला आणि पुन्हा चावी फिरवली. ‘काका’. ‘कनेक्टेड’. या वेळी नुसतं इंजिन ऐकू येत होतं, आणि कुणीतरी अगदी हळू नाकातून सूर धरला होता.

मी तो सेट काढून घेतला आणि त्याच दिवशी दुसरा लावला. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या दुकानातून आणलेला. गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढून अक्काच्या गाडीत एकटाच बसलो आणि यादी उघडली. यादीत एकच नाव होतं.

त्या दिवशी मी जे ऐकलं ते अक्काला लगेच सांगितलं नाही.

आधी तिचाच आवाज होता. “पुलावर गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही, काका. ब्रेक दाबून ठेवायचा. नाही, ब्रेक. तो नाही. डावीकडे जातेय. काका, ब्रेक. माझाही लागत नाहीये.” मग लोखंडावर काहीतरी घासल्याचा लांब, किरकिरता आवाज. मग शांतता. इंडिकेटर चालू होता, पाचव्या ठोक्याला अडखळत. मी मोजत बसलो. एकशेसाठ ठोके झाले. मग काचेवर कुणीतरी बुक्की मारली.

“अक्का, दार उघड.”

तो आवाज माझा होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. मला नाही वाटला; आवाज ओळखणं हाच माझा धंदा.

“अक्का, दार उघड.” पुन्हा. धाप लागलेला.

आणि तिसऱ्यांदा, अजिबात धाप न लागलेला, शांत, लाडीगोडी लावल्यासारखा, “अक्का, दार उघड.”

दार उघडल्याचा आवाज आला. तिथं सेट बंद झाला.

शनिवारी सकाळी अक्काचा फोन आला.

“बाळ्या,” ती म्हणाली, “एक काका आलेत.”

मी तसाच निघालो. घड्याळदुरुस्तीचं दुकान नुकतंच बंद केलेले गृहस्थ होते ते. एकाहत्तर वर्षांचे, हडकुळे, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणही लावलेलं. बायकोला आठवड्यातून तीनदा डायालिसिसला न्यावं लागतं. मूलबाळ नाही. “दर खेपेला कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं,” ते मला म्हणाले, “कोण नेईल, कोण आणेल. पुतण्याची जुनी गाडी पडून आहे. म्हटलं, आपणच शिकावं. हात अजून कापत नाहीत माझे.” त्यांनी हात पुढे करून दाखवला. खरंच कापत नव्हता.

फोन त्यांच्या वरच्या खिशात होता. ते गाडीत बसले मात्र, सेटनं टुंग केलं आणि पडद्यावर नाव उमटलं. फोन त्यांच्या भाचीनं मंगळवारी विकत आणून दिला होता. आख्खी गल्ली काका म्हणते म्हणून तिनं नावही तेच घातलं होतं. मंगळवारी. मी ते नाव पहिल्यांदा वाचलं त्याला तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते.

मी मागच्या सीटवर बसलो. मुद्दामच. अक्कानं बासरी लावली आणि गाडी मैदानावर आणली.

“क्लच पूर्ण दाबा, काका,” ती म्हणाली. “घाई नाही. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?”

माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. काका खोकत खोकत हसले. टपावरची पाटी खुळखुळली.

“गाणं छान आहे हो, मॅडम.”

अक्कानं ओठ घट्ट मिटले. आरशात तिचे डोळे मला दिसत होते. मग तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आले, “माझ्या भावानं बसवलाय टेप. याच महिन्यात.”

काका उतरून गेल्यावर ती बराच वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

“मी ते म्हणणार नव्हते,” ती म्हणाली. “ठरवलं होतं. म्हणायचं नाही असं ठरवलं होतं.”

तेव्हा मी तिला पुलाचं सांगितलं. शेवटचा भाग सोडून. माझ्या आवाजाचं माझ्यानं सांगवेना.

“मग काय करू?” ती चिडली. घाबरली की ती चिडते. “त्या माणसाला नाही म्हणू? त्याच्या बायकोला काय सांगू, माझ्या टेपनं मनाई केलीय म्हणून?”

“दुसरीकडे पाठव.”

“दोघांनी त्यांना वय बघून परत पाठवलंय. तिसरी मी.”

तासभर आम्ही भांडलो. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. एक, कालव्याच्या पुलाकडे जायचं नाही. गावात पूल तेवढा एकच आहे. दोन, टेप काढून टाकायचा. मी तिथेच तो सेट उपसून काढला. प्रत्येक वायरीचं टोक वेगळं चिकटपट्टीत गुंडाळलं आणि आत ढकललं. डॅशबोर्डच्या मधोमध चौकोनी भोक राहिलं. अक्कानं त्यात गाडी पुसायचं फडकं कोंबून ठेवलं.

अठरा दिवस काही झालं नाही. काका चांगले शिकत होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. कुठला दाता कशात अडकतो ते त्यांना एकदाच सांगावं लागे. अक्का फोनवर त्यांचं कौतुक करी. मी झोपायला लागलो होतो.

एकोणिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, मी डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीत सेट बसवत होतो. त्या शेजारच्या सीटवर बसून स्वतःचा फोन जोडत होत्या. डॅशबोर्ड उघडाच होता.

“हे काका कोण?” त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं.

“रस्ता बंद आहे वाटतं,” अक्का स्पीकरमधून म्हणाली. “खणून ठेवलाय. आता मागे वळवणं तुम्हाला जमायचं नाही, मागे ट्रक आहे. असू दे, कालव्यावरून घेऊ. हळू चला. मी आहे ना.”

हे मी आधी ऐकलेलं नव्हतं.

“बाई, मला तुमची गाडी द्या,” मी म्हणालो. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, त्या लगेच उतरल्या.

पुलापर्यंत सहा मिनिटं लागतात. डॅशबोर्डची पट्टी माझ्या गुडघ्यांवर आपटत होती. एका हातानं मी अक्काला फोन लावला. तिच्या फोनची रिंग मला स्पीकरमधून ऐकू आली. वाजत राहिली. कुणी उचलली नाही.

“नाही, ब्रेक. तो नाही. डावीकडे जातेय.”

लोखंडावर घासण्याचा आवाज.

मग इंडिकेटर.

पूल जुना, अरुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. अक्काची गाडी डावीकडे कलून उभी होती. तिच्या बाजूचा कठडा दाराएवढ्या लांबीचा तुटून खाली लोंबत होता आणि गाडीचं पुढचं डावं चाक हवेत होतं. कालवा काठोकाठ भरलेला. पुलावर दुसरं कुणी नव्हतं.

मी उजव्या बाजूनं धावत गेलो. काचा वर होत्या. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. त्यांच्या पलीकडे अक्का. तीही समोर बघत होती. रक्त नव्हतं, जखम नव्हती. डोळे उघडे होते. नुसत्या बसलेल्या होत्या दोन आकृत्या, आणि इंडिकेटर वाजत होता.

दारं आतून बंद होती. मी काचेवर बुक्की मारली.

“अक्का, दार उघड.”

ऐकलं आणि मी थिजलो. तेच. तोच सूर.

मला म्हणायचं होतं, काका, लॉक काढा. ते म्हणायला मी तोंड उघडलं.

“अक्का, दार उघड,” मी म्हणालो. धापा टाकत.

मग मी तोंड मिटलं. दात दातांवर दाबले, जबडा दुखेपर्यंत. तिसऱ्यांदा बोलायचंच नाही. काही झालं तरी नाही.

आणि गाडीच्या आतून, बंद काचेमागून, माझा आवाज आला.

“अक्का, दार उघड.”

डॅशबोर्डच्या भोकात फडकं तसंच कोंबलेलं होतं. आवाज डाव्या दारातल्या स्पीकरमधून येत होता. शांत. लाडीगोडी लावल्यासारखा.

अक्कानं मान वळवली. माझ्याकडे नाही. डावीकडे.

ती हसली. मला बघून ती हसते तशी.

तिनं सीटबेल्ट काढला. डावं दार उघडलं. दाराबाहेर काही नव्हतं, खाली वीस-बावीस फुटांवर पाणी होतं. तिनं डावा हात पुढे केला, कुणाचा तरी हात धरावा तसा, आणि एक पाय बाहेर टाकला.

मी खिशातल्या पेचकसाच्या मुठीनं मागच्या दाराची काच फोडली. “काका, धरा तिला.”

काकांनी स्टिअरिंग सोडलं. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा सोडलं असावं. बोटं सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी अक्काचं उजवं मनगट पकडलं. मी फोडलेल्या काचेतून हात घालून लॉक काढलं, मागच्या सीटवर चढलो आणि तिच्या दोन्ही काखांत हात घातले.

अक्का अंगानं बारीक आहे. मला तिला उचलता येतं. त्या वेळी येईना. ते वजन नव्हतं, ती ओढ होती. आम्ही दोघं एकीकडे ओढत होतो आणि तिचा डावा हात ताठ, खांद्यातून निखळेल असा, बाहेरच्या दिशेनं ताणलेला होता.

मग एकदम सुटलं. आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर कोसळलो.

इंडिकेटर थांबला होता.

रस्त्याच्या कडेला बसल्यावर अक्का कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

“तू त्या बाजूला होतास,” ती म्हणाली. “हात दिला होतास मला.”

मी तिला धरून उठवलं आणि लांबूनच ती बाजू दाखवली. लोंबणारा कठडा, उघडं दार आणि खाली वाहतं पाणी. उभं राहायला वीतभर जागा नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “पाय दिसले नव्हते तुझे. तेवढं माझ्या लक्षात आलं नाही.”

काका पुलाकडे पाठ करून उभे होते. आता त्यांचे हात कापत होते.

“मलाही ऐकू आलं,” ते म्हणाले. “तुम्ही दोन्हीकडून हाका मारत होतात. मला वाटलं, डोक्याला मार लागला असेल.”

“काका, तुमचा फोन?”

“घरी आहे. हिच्या उशाशी, चार्जिंगला लावून आलोय.” ते जरा थांबले. “असा फोन आपण जवळ नसताना पण जोडला जातो का हो?”

मी नाही म्हणालो. मला तेवढंच माहीत होतं.

क्रेननं गाडी ओढून काढली. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा सेट काढून टाकायला सांगितला आणि कारण विचारलं नाही. अक्काचा डावा खांदा महिनाभर झोळीत होता. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, हात कशात अडकून ओढला गेला. ती म्हणाली, दारात. काकांनी मधे दीड महिना तोंड दाखवलं नाही. मग आले, राहिलेले धडे पुरे केले आणि पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाले. आता बायकोला तेच नेतात, तेच आणतात. गाडीत गाणी लावत नाहीत. परवा दुकानावरून जाताना त्यांनी काच खाली करून मला हात केला. त्यांच्या बायकोनंही केला. आमच्या हातून एवढं झालं, असं मी स्वतःला सांगतो.

अक्का पुन्हा शिकवायला लागली आहे. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. हसते, चिडते, फोन करते. सगळं पहिल्यासारखं आहे असं मी गेल्या मंगळवारपर्यंत म्हणत होतो.

मंगळवारी दुपारी चारला मी तिच्याकडे गेलो. येतोय असं कळवलं नव्हतं. तिचं घर लांबट आहे. पुढच्या खिडकीतून बघितलं की बैठकीची खोली, बोळ आणि थेट मागचं दार दिसतं. मागच्या दाराबाहेर हातभर अंतरावर कुंपणाची भिंत आहे. तिकडून येण्याजाण्याला वाट नाही.

बेल दाबायला मी बोट उचललं, तेवढ्यात खिडकीतून ती दिसली. माझ्याकडे पाठ करून ती मागचं दार उघडत होती.

“ये रे बाळ्या,” ती म्हणाली. “उन्हात काय उभा राहिलास?”

ती भिंतीला टेकून बाजूला झाली, कुणाला आत यायला जागा द्यावी तशी. क्षणभर थांबली. मग दार लोटलं, कडी घातली आणि बोलत बोलतच स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. कप काढल्याचा. एक. दुसरा.

मी तसाच उभा होतो, बोट बेलपासून इंचभर लांब.

आतून मी म्हणालो, “साखर कमी टाक, अक्का.”